सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला म्हणून तोंड पाडणाऱ्या सगळ्यांसाठी

सह्यवारा :

नवीन बॅचला प्रोजेक्ट वाटले जातात त्या दिवशी हिंजवडीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये जाऊन बसा. 'डेव्हलपमेंट' मिळालेली पोरं घरी फोन लावत असतात आणि 'सपोर्ट' मिळालेली कोपऱ्यातल्या टेबलावर चहा थंड करत बसलेली असतात. "यातून बाहेर कसं पडायचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. काम नेमकं काय आहे हे विचारायची वेळ त्यानंतर कधीतरी येते.

मला हे बघवत नाही, म्हणून धागा काढतोय. चालत्या सिस्टिमचा जुना कोड सांभाळणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात कसबाचं काम आहे आणि इंडस्ट्रीने त्याला उगाच दुय्यम ठरवून ठेवलंय, असं माझं ठाम मत आहे.

नवा कोड लिहिताना काही चुकलं तर खोडता येतं, कारण तो अजून कुणी वापरतच नसतं. जुन्या कोडवर रोज रात्री लोकांचे हप्ते, पगार, पेन्शन चाललेले असतात. तिथे एक ओळ बदलायची तर ती तशी का लिहिली होती हे आधी शोधावं लागतं, आणि लिहिणारा बहुतेक वेळा कंपनी सोडून गेलेला असतो.

आमच्याकडचंच सांगतो. एका वित्तसंस्थेचं काम आहे, नाव अर्थातच देत नाही. ग्राहकांच्या यादीतली दुबार नावं शोधणारा एक जुना प्रोग्राम आहे. नाव आणि जन्मतारीख जुळली की 'एकच माणूस' असं धरायचं, इतकं सरळ. पण मध्येच एक अट घुसलेली : दिवस १ आणि महिना ६ असेल तर जन्मतारखेवर विश्वास ठेवायचा नाही, वडिलांचं नाव आणि पत्ता ताडून बघायचा. शेजारी कॉमेंट नाही, डॉक्युमेंटमध्ये उल्लेख नाही. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने ती ओळ दाखवून विचारलं, "हे काय आहे? काढून टाकू का?" गुणी पोरगी. आधी काढून मग विचारलं असतं तरी आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्याच, म्हणजे पासच, राहिल्या असत्या.

गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कधी केला याची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) इतिहासात मागे मागे गेलो तर त्या ओळीवर एका सरांचं नाव निघालं. निवृत्त होऊन साताऱ्याला असतात. फोन केला तर पलीकडून एक क्षणही न थांबता उत्तर आलं : "अरे, आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो!" आईवडिलांना तारीख आठवत नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यात आख्खं गाव एका आडनावाचं. म्हणजे एकाच गावात दत्तात्रय पाटील नावाचे तीन जण, तिघांची जन्मतारीख १ जून आणि सालही तेच, हे सहज शक्य आहे. ती अट काढली असती तर प्रोग्रामने तिघांचा एक माणूस करून एकाचं थकीत कर्ज दुसऱ्याच्या नावावर दाखवलं असतं. कुणा बिचाऱ्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज नाकारलं गेलं असतं आणि त्याचं कारण त्याला कुणीच सांगू शकलं नसतं.

ती ओळ लिहिणाऱ्या माणसाला कोडिंग जितकं कळत होतं तितकाच महाराष्ट्रही कळत होता. आणि असल्या ओळी जुन्या कोडमध्ये शेकड्यांनी पडलेल्या असतात.

उलट बाजूही बघा. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर दलालीतली मोठी कंपनी. २०१२ च्या जुलैअखेरीस त्यांना ८ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, एका सर्व्हरवर तो टाकायचा राहिला. नव्या सोयीसाठी त्यांनी एक जुना फ्लॅग (कोडमधलं चालू-बंदचं बटण) पुन्हा वापरायला काढला होता. त्या आठव्या सर्व्हरवर हाच फ्लॅग कित्येक वर्षं न वापरलेल्या कोडला जागं करायचा. १ ऑगस्टला तो जागा झाला आणि धडाधड शेअर घेत-विकत सुटला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. पडून राहिलेला तो कोड वेळेत काढायला कुणीतरी आधीच दोन दिवस द्यायला हवे होते. पण ते दोन दिवस कुठल्याही स्प्रिंटमध्ये (कामाच्या काही आठवड्यांच्या टप्प्यात) 'फीचर' म्हणून दाखवता येत नाहीत ना!

तुमच्याकडच्या जुन्या कोडच्या गोष्टी लिहा. गमतीही लिहा, मला त्याही हव्यात.

तपासनीस :

+१. टेस्टिंगमध्ये असल्यामुळे जुना कोड मला माहेरच्यासारखा ओळखीचा आहे.

गंमत हवीय ना, ही घ्या. आमच्या एका मॉड्यूलमध्ये रोमन लिपीत मराठी कॉमेंट आहे : "हे तात्पुरतं आहे, गणपतीनंतर काढू." कुठल्या वर्षीचे गणपती ते लिहिलेलं नाही. लिहिणारा गेला, त्याचा मॅनेजर गेला, क्लायंटचं नावसुद्धा बदललं, आणि ती तात्पुरती सोय अजून रोज पहाटे चालते. दरवर्षी विसर्जनानंतरच्या पहिल्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या मीटिंगला) कुणीतरी "काढायचं का?" म्हणून विचारतं आणि सगळी टीम खळखळून हसते. मला ती कॉमेंट फार आवडते. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, घरून फोन येत असताना, कुणीतरी घाईत क्लायंटचं काम अडू दिलं नव्हतं, हे तिच्यात दिसतं.

निशाचर_पुणे :

धागाकर्ते, माफ करा, पण मी असहमत आहे. तुम्ही सांगताय तो सपोर्ट वेगळा आणि आम्हाला मिळतो तो वेगळा.

मी एल-वनला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवर आहे, वर्षभर होत आलं. रात्री साडेनऊला कॅब येते, सकाळी सातला घरी सोडते. कोड मी आजवर पाहिलेलाच नाही. ॲक्सेसच नाही. अलर्ट आला की रनबुक (कशावर काय करायचं याची पुस्तिका) उघडायचं, दिलेल्या पायऱ्या करायच्या, नाही जमलं तर तिकीट (तक्रारीची नोंद) वरच्या पायरीवर, एल-टूकडे ढकलायचं. एसएलए (क्लायंटला कबूल केलेली मुदत) तुटायच्या आत ढकललं की शाबासकी. पासवर्ड रिसेट, डिस्क भरली म्हणून लॉग साफ करणं, अडकलेला जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम) पुन्हा चालवणं, हेच चाललंय. कॉलेजात शिकलेलं डेटा स्ट्रक्चर विसरायला लागले. इंटरव्ह्यूला गेलं की पहिलाच प्रश्न "तुम्ही काय बांधलंत?" त्यावर मी काय सांगू? आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा, त्यामुळे निम्म्या कंपन्या तिथेच फोन ठेवतात.

तोंड पाडू नका म्हणणं सोपं आहे. झोपेचं खोबरं झालेलं असतं तेव्हा १ जूनची गोष्ट सुचत नाही.

सह्यवारा :

निशाचर, तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि त्याचा मला राग येतो. म्हणजे तुमचा नाही, ज्यांनी ही रचना केली त्यांचा.

कोड न दाखवता कोड सांभाळायला बसवणं हा इंजिनीयरचा अपमान आहे. रनबुकमधली 'जॉब पुन्हा चालवा' ही पायरी रोज रात्री करावी लागत असेल तर तो जॉब का पडतो हे बघायचा हक्क तुम्हाला मिळालाच पाहिजे. रोज तोच अलर्ट बघणाऱ्या माणसाला त्या सिस्टिमचं दुखणं सगळ्यात जवळून माहीत असतं, आणि नेमक्या त्याच माणसाला दुरुस्तीपासून लांब ठेवतात.

एक सुचवतो. पुढच्या महिन्याभरात येणाऱ्या अलर्टची साधी यादी ठेवा : कुठला जॉब, किती वाजता, काय केल्यावर सुटला. महिनाअखेरीस ती घेऊन मॅनेजरकडे जा आणि सांगा, यातले वरचे तीन मला मुळापासून बंद करायचे आहेत, त्यासाठी कोड वाचायचा ॲक्सेस द्या. नुसता वाचायचा, बदलायचा नाही. नाही म्हणायला त्यांना कारण सापडत नाही. आणि एखादा अलर्ट कायमचा बंद केलात की "काय बांधलंत?" या प्रश्नाला तुमच्याकडे बहुतेकांपेक्षा चांगलं उत्तर असेल.

रात्रपाळीबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही. ती फिरती असायला हवी आणि पाळीनंतर पूर्ण दिवस सुट्टी हवी, एवढंच म्हणेन.

बार्शीलाईट :

पोरांनो, या धाग्यावर म्हाताऱ्याला बोलू द्या.

१९९८ साली मी अंधेरीला सीप्झमध्ये होतो. वायटूके, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखा चुकू नयेत म्हणूनचं काम, जोरात होतं. आज जी भारतीय आयटी तुम्ही बघताय तिचा पाया त्या कामाने मोठा केला, आणि ते काम शंभर टक्के मेंटेनन्सचं होतं. नवीन काही बांधायचं नाही, दुसऱ्याने तीस वर्षांपूर्वी कोबॉल या जुन्या भाषेत लिहिलेलं वाचायचं. वर्षासाठी दोनच आकडे ठेवले होते, कारण ८० रकान्यांच्या पंचकार्डात आणि महागड्या मेमरीत प्रत्येक जागा मोलाची होती. तेव्हाच्या हिशेबाने ते शहाणपणाचंच होतं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, २००० सालापर्यंत हे प्रोग्राम कशाला टिकतात? टिकले!

सगळीकडे चार आकडे करायला ना वेळ होता ना पैसा. मग बऱ्याच ठिकाणी खिडकीची युक्ती करायचो : वर्ष ५० पेक्षा कमी आलं तर २००० च्या पुढचं, नाहीतर १९०० च्या पुढचं. कुणी सीमा ३० धरली, कुणी ५०. त्यात लीप वर्षाची भानगड. शंभराने भाग गेला तर लीप वर्ष नाही, हे बऱ्याच प्रोग्रामरना पाठ होतं. चारशेने भाग गेला तर पुन्हा लीप वर्ष, हे फार थोड्यांना माहीत होतं. १९०० ला २९ फेब्रुवारी नव्हती, २००० ला होती. आणि मजा अशी, की ज्यांनी कुठलाच विचार न करता फक्त 'चारने भाग' एवढंच लिहिलं होतं त्यांचा प्रोग्राम २००० साली बरोबर चालला. अर्धवट हुशार मात्र अडकले. यावर आम्ही तेव्हा पोट धरून हसायचो.

३१ डिसेंबर १९९९ ला सगळी टीम ऑफिसात. नवं वर्ष आधी न्यूझीलंडला लागतं, म्हणून दुपारपासूनच तिकडच्या बातम्यांकडे कान. दिवे गेले नाहीत, बँका बंद पडल्या नाहीत. मग ऑस्ट्रेलिया, जपान, आपण, युरोप. काही झालं नाही. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या.

आणि पुढच्याच आठवड्यात लोक म्हणायला लागले, "बघा, काहीच झालं नाही, उगाच बाऊ केला होता, पैसे खाल्ले." सह्यवारा, तुमच्या धाग्याचं दुखणं मला तेव्हाच कळलं. आम्ही रात्री जागून जे घडू दिलं नाही, त्याचा फोटो कुठे काढणार?

कोकमसार :

बार्शीलाईट काका, दंडवत!

पुढचा नंबर लागलाच आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घड्याळात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ते ३२ बिटांत ठेवले असतील तर २१४७४८३६४७ ला संपतात, म्हणजे १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये उडी मारतं. मंगळवार आहे, ऑफिस असणार.

"अजून वेळ आहे" म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं. मी गृहकर्जाच्या सिस्टिमवर काम करते. २० वर्षांचं कर्ज आज मंजूर झालं तर शेवटच्या हप्त्याची तारीख २०३८ च्या कितीतरी पलीकडे जाते, म्हणजे आमच्यासाठी ते साल २०१८ मध्येच उजाडलं होतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ३२ बिटी यंत्रांसाठीची दुरुस्ती २०२० च्या ५.६ आवृत्तीत पुरी झाली. पण कारखान्यातले कंट्रोलर, लिफ्ट, जुने मीटर यांच्यात बसलेला कोड कुणी जाऊन बदलायचा? तिथे मेंटेनन्सचीच माणसं लागणार आहेत, भरपूर लागणार आहेत.

ऱ्हाईनकाठ :

जर्मनीत असतो, इथे एका कंपनीत ओपन सोर्स लायब्ररींच्या (कुणीही फुकट वापरावा अशा तयार कोडच्या) सुरक्षेचं काम बघतो. उशिरा आलो, पण या विषयावर गप्प बसवणार नाही.

सह्यवारांनी कंपन्यांच्या आतलं सांगितलं. बाहेरची गत त्याहून वाईट आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. जगातल्या अर्ध्याअधिक वेबसाइटचं कुलूप या लायब्ररीचं. चूक समजायला अगदी सोपी होती. एक यंत्र दुसऱ्याला विचारतं, "जागा आहेस ना? असशील तर हा शब्द परत पाठव, त्याची लांबी अमुक." शब्द छोटासा पाठवून लांबी मुद्दाम मोठी सांगितली, तर समोरचा सर्व्हर ती न तपासता शेजारच्या मेमरीतलं ६४ केबीपर्यंत काहीही उचलून देत होता. पासवर्ड, किल्ल्या, सगळं. हा कोड मार्च २०१२ पासून जगभर चालू होता.

पण मला खरा हादरा दुसऱ्याच गोष्टीने बसला. ओपनएसएसएलवर तेव्हा पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, आणि देणग्या यायच्या त्या वर्षाला साधारण २००० डॉलर. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या हीच लायब्ररी फुकट वापरत होत्या. नंतर लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेऊन निधी उभा केला, पण आग लागल्यावर.

आणि मग मार्च २०२४. एक्सझेड नावाची दाबून लहान फाईल करणारी साधी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असलेली. ती वर्षानुवर्षं मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर होती, तीही फावल्या वेळात. 'जिया टॅन' अशा नावाने कुणीतरी आलं, दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे पॅच (दुरुस्त्या) पाठवत राहिलं, विश्वास कमावला, सहमेंटेनर (कोड सांभाळणाऱ्याचा जोडीदार) झालं आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवून गेलं. तो पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या डेव्हलपरने. तो सुरक्षातज्ज्ञ म्हणून शोधत नव्हता. त्याची दुसरीच मोजमापं चालली होती आणि एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरायच्या सुरक्षित वाटेने) लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपण सगळे "नेटवर्क स्लो असेल" म्हणून चहाला गेलो असतो. तो खोदत गेला आणि त्याने जगाला वाचवलं. अतिशयोक्ती वाटेल, पण मी हे जबाबदारीने लिहितोय. त्या आवृत्त्या मोठ्या वितरणांत मुरल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार करून आमची टीम आठवडाभर नीट झोपली नव्हती.

असं खटकणं हे मेंटेनन्स करणाऱ्या माणसाचं लक्षण आहे. रोज त्याच सिस्टिमचा श्वास ऐकलेला असतो, म्हणून एक श्वास चुकला तरी कळतं.

निशाचर, तुमच्यासाठी खास : अलर्टच्या यादीत वेळही सेकंदासकट लिहा. हसू नका, खरंच लिहा.

पिंपळपान :

वाचतेय. सुंदर धागा. माझी भर : शुक्रवारी प्रॉडवर (लोक वापरत असलेल्या चालत्या सिस्टिमवर) काही टाकायचं नाही हा नियम कुणाला अंधश्रद्धा वाटत असेल तर त्यांनी १९ जुलै २०२४ आठवावा. शुक्रवारच होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक छोटं अपडेट गेलं, कोडला २० रकाने मिळत होते आणि नव्या फाईलने २१ वा मागितला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर बंद पडली. भारतात विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते हाताने लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मला फार कौतुक वाटलं.

आमच्या टीममध्ये शुक्रवारी दुपारनंतर मर्ज (नवा बदल मुख्य कोडमध्ये मिसळायच्या) बटणाला हात लावणाऱ्याने सोमवारी सगळ्यांना वडापाव द्यायचा, असा कायदा आहे. परिणाम उत्तम.

आडवाटकरी :

मी डिलिव्हरी मॅनेजर आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. सपोर्टला किंमत का नाही, याचं उत्तर कंत्राटात आहे.

मेंटेनन्सचं कंत्राट तीन किंवा पाच वर्षांचं असतं आणि बहुतेकांत एक कलम असतं : दरवर्षी इतके टक्के 'उत्पादकता वाढ' दाखवून बिल कमी करायचं. म्हणजे क्लायंट तेच काम दरवर्षी कमी पैशांत मागतो. ते जमवायचं तर अनुभवी माणूस काढून तिथे फ्रेशर बसवावा लागतो. अनुभवी माणूस जाताना केटीसाठी (नव्या माणसाला काम समजावून द्यायला) दोन आठवडे मिळतात. त्यातला एक आठवडा ॲक्सेस मिळण्यात जातो आणि उरलेल्यात स्क्रीन शेअर करून रेकॉर्डिंग होतं. ती रेकॉर्डिंगं पुढे कुणी उघडत नाही. १ जूनसारखी अट अशीच हरवते.

दुसरं म्हणजे अप्रेझल. सोडवलेली तिकिटं मोजता येतात, न आलेली येत नाहीत. माझ्या एका माणसाने महिनाभर खपून रोज पडणारा जॉब असा दुरुस्त केला की त्या टीमची तिकिटं निम्म्यावर आली. डॅशबोर्डवर त्याचा स्वतःचा आकडा सगळ्यात खाली दिसायला लागला. त्याला वरचं रेटिंग मिळावं म्हणून मी बेल कर्व्हच्या (वरचं रेटिंग ठरावीक लोकांनाच वाटायच्या) मीटिंगमध्ये भांडलो आणि मिळवून दिलं, पण दर वेळी प्रत्येकासाठी असं भांडणारं कुणी असतंच असं नाही. मोजायचीच असेल तर 'या तिमाहीत कायमचे बंद झालेले अलर्ट' ही संख्या मोजा. माझ्या खात्यात आता तेच करतोय, आणि क्लायंटलाही पटलंय, कारण रात्री त्यांचेही फोन वाजायचे थांबलेत.

सह्यवारा :

आडवाटकरी, शिव्या कसल्या, हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या मजल्यावर लावणार आहे. 'कायमचे बंद झालेले अलर्ट' हे माप कमाल आहे.

फेनसडा :

पण आता एआय आलंय ना? जुना कोड टूलला द्यायचा, तो नव्या भाषेत लिहून देईल. मेंटेनन्स संपलाच की. निदान पुढच्या पाच वर्षांत?

सह्यवारा :

मी ही टूल्स रोज वापरतो आणि मला ती आवडतात. अनोळखी कोडमध्ये कुठून काय बोलावलं जातंय हे शोधून द्यायला फार उपयोगी आहेत, पूर्वी दोन दिवस जायचे ते तासात होतं.

पण १ जूनची ओळ टूलला दाखवून बघितली. त्याने ती काय करते हे अचूक सांगितलं. का करते, हे विचारल्यावर 'चाचणीसाठी टाकलेला डेटा वगळायला असावी' असा सफाईदार अंदाज दिला आणि ती काढायची सूचनाही केली. ते कारण रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) नव्हतंच, साताऱ्याच्या फोनवर होतं. आम्ही आता चार ओळींची कॉमेंट लिहिलीय, गुरुजींसकट.

शिवाय या टूल्समुळे कोड कमी होत नाहीये, वाढतोय. जे लिहायला आठवडा लागायचा ते दुपारी तयार होतं आणि रात्री प्रॉडवर जातं. तो सगळा उद्या जुना होणार आहे. तो वाचू शकणारी, त्यावर शंका घेणारी माणसं जास्त लागतील असं मला वाटतं. फेनसडा, तुम्हाला उलट वाटत असेल तर जरूर मांडा, मला ऐकायचंय.

फेनसडा :

'का' चा मुद्दा पटला. बाकी विचार करून लिहितो.

निशाचर_पुणे :

धागा वर आणतेय.

यादी केली. (सेकंदासकट, ऱ्हाईनकाठ!) अलर्टपैकी निम्म्याहून जास्त एकाच जॉबचे निघाले आणि ते सगळे रात्री दोनच्या आसपास, बॅकअप चालू होतो तेव्हा. मॅनेजरना दाखवलं. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि एल-थ्रीच्या लीडला कॉलवर घेतलं. कोडचा रीड ॲक्सेस मिळाला! पहिल्यांदाच प्रॉडवर चालणारा खरा कोड उघडून पाहिला. जावा आहे, अवाढव्य आहे, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाहीये. मार्गदर्शन करा.

सह्यवारा :

अभिनंदन! वाचून फार बरं वाटलं.

पहिल्या फाईलपासून अजिबात वाचू नका, वेड लागेल. तोच रात्री दोनचा जॉब घ्या. लॉगमध्ये जो एररचा मजकूर येतो तो जसाच्या तसा कोडमध्ये शोधा. जिथे सापडेल तिथून उलटं वर चढा : या फंक्शनला कोण बोलावतं, त्याला कोण, असं करत जॉब जिथे सुरू होतो तिथपर्यंत. वाटेत दिसणाऱ्या बाकी गल्ल्यांत शिरायचा मोह आवरा. एक वाट पूर्ण झाली की वहीत काढून ठेवा. मग रनबुकमधली 'पुन्हा चालवा' ही पायरी नेमकं कुठलं टेबल बदलते ते बघा. बॅकअपच्या वेळी त्याच टेबलावर लॉक (इतरांना बदल करू न देणारं कुलूप) असणार, असा माझा संशय आहे. डीबीएवाल्यांना (डेटाबेस सांभाळणाऱ्यांना) रात्री दोनचे लॉक दाखवायला सांगा.

तपासनीस :

आणि डेटाबेसमध्ये 'ओल्ड', 'टेम्प', 'बॅकअप टू' असल्या नावांची टेबलं दिसतील. नावावर जाऊ नका. त्यातलं एखादं हमखास रोजच्या वापरात असतं.

बार्शीलाईट :

शाब्बास पोरी. एक माझ्याकडून. महिनाअखेरीला आणि ३१ मार्चला कुठले जॉब चालतात ते आत्ताच विचारून ठेव. रोजचे जॉब पंधरा दिवसांत ओळखीचे होतात, पण वर्षाअखेरीचा जॉब वर्षातून एकदाच बघायला मिळतो, आणि त्या रात्री विचारायला कुणाला वेळ नसतो. जमलं तर ती पाळी मागून घे.

निशाचर_पुणे :

मागते. रोस्टर अजून लागलेला नाही, उद्याच बोलते. आणि काका, मार्चमध्ये काही अडलं तर इथे विचारलं तर चालेल ना?

बार्शीलाईट :

चालेल म्हणजे काय! म्हाताऱ्याला नाहीतरी रात्री झोप येत नाही.